भरलेल्या टाकीचा तळ

प्रिय अहो,

सगळ्यांत आधी आल्या त्या समोरच्या दामलेवहिनी. पोरं अजून खराडीतनं निघालीसुद्धा नसतील, आणि ह्या दारात. हातात वाटी. "थोडं विरजण मिळेल का?" वाटी माझ्याकडे आणि नजर आपल्या टीव्हीकडे. आदल्या दिवशी मीच जिन्यात सांगितलं होतं, की आमची नात प्रज्ञा आणि नातजावई अंदमानला जाऊन आलेत, समुद्राच्या तळाशी उतरून आलेत, आणि तिथं काढलेली फिल्म दाखवायला उद्या वारज्याला येणार आहेत. हळूच सांगितलं होतं. पण आपल्या जिन्यात हळू सांगितलेलंच जास्त लांब जातं, हे तुम्हाला ठाऊक आहे.

विरजण दिलं, तरी वहिनी बसल्याच. "आलेच आहे तर पोरांना भेटून जाते," म्हणाल्या. जशा काही वाट चुकून आल्या होत्या. आपला विजय आणि सूनबाई साताऱ्याला लग्नाला गेलेत, त्यामुळे घरात मी एकटीच राणी. म्हटलं बसा, सोबत होईल.

वर तुमचं नाव न घालता अहोच लिहिलंय, त्याला हसू नका. लग्नात उखाण्यात घेतलं तेच शेवटचं. आता घेतलं तर तुम्हालाच वाटायचं, भलत्याच कोणाचं पत्र हाती आलं. आणि ऱ्हस्व-दीर्घ बघू नका. माझी शाळा दुसरीपर्यंत, पुढचं तुम्ही शिकवलंत, पाणीपट्टीच्या जुन्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर. शिकवलंत खरं, पण तुम्हाला पत्र लिहायची वेळच कधी आली नाही. आपण लांब राहिलो कुठे?

आता लिहिते आहे ते दोन कारणांनी. एक म्हणजे, तळाला काय असतं ते कळलं. जन्मभर तुम्ही विचारत राहिलात आणि कळलं तेव्हा सांगायला तुम्ही नाही. आणि दुसरं म्हणजे, ते कळावं म्हणून तुमचा शब्द मोडावा लागला. प्रज्ञाला पाण्यात जायला मी हो म्हटलं. तुम्ही रागावलात की नाही हे कळायला मार्ग नाही. म्हणून सगळं सांगते, मग काय ते ठरवा.

तुमचा शब्द कोण विसरेल? प्रज्ञा शाळेत होती तेव्हा तरणतलावाचा वर्ग निघाला होता. पोरीनं किती हट्ट केला. तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "पाणी तांब्यात घ्यावं, बादलीत घ्यावं, अंगावर घ्यावं. आपण त्याच्या अंगावर जाऊ नये." झालं. विजयची हिंमत नव्हती पुढे बोलायची. आपल्या सबंध घरात पोहता येणारं एक माणूस नाही. नुसतं आपल्या घरात नाही, तुमच्या वाडवडिलांत नाही, माझ्या माहेरी नाही.

आणि तुमची नोकरी बघा कसली. महानगरपालिकेच्या पाणी खात्यात वॉलमन. पहाटे सायकल काढायची, दांडीला ती लांब लोखंडी चावी बांधायची, रस्त्यावरचं झाकण उचलायचं, चावी घालायची आणि पाणी सोडायचं. गावात ज्याला विहिरीच्या पायरीला पाय लावू देत नव्हते, त्यानं पाणी सोडल्याशिवाय इथं पेठेतल्या कोणाची चूल पेटत नव्हती. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत. मीच मनातल्या मनात किती वेळा बोललेय.

विहिरीची ती गोष्ट तर तुम्ही मला एकदाच सांगितलीत. आपली माणसं घागरी घेऊन खाली उभी राहायची, वरून कोणाच्या मनात आलं तर ओतायचं. दीक्षा व्हायच्या आधीची गोष्ट. तुम्ही एवढेसे होतात. पाणी येतं ते कुठून येतं, आत काय असतं, हे बघायचं म्हणून भर दुपारी चोरून काठावर गेलात आणि वाकलात. काय दिसलं, मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "आभाळाचा एक तुकडा दिसला आणि माझंच डोकं. तळ दिसायच्या आत मागून आरोळी आली." मग पळालात. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, तुम्हीही सांगितलं नाहीत. पाठीवरचा तो वण मला आधीच माहीत होता.

त्यानंतर तळाचं काही तुमच्या डोक्यातनं गेलं नाही. वर्षातनं एकदा टाकी रिकामी करून धुवायला आत उतरायचात. घरी येऊन म्हणायचात, "रिकाम्या टाकीचा तळ पाहिलाय गं. भरलेल्या टाकीचा नाही." मी म्हणायचे, भरलेलीचा बघून काय करायचंय, गाळच असणार.

आणि आपण मुरुडला गेलो ती सहल आठवते? पाणी खात्यातल्या लोकांनी एसटी केली होती. सगळे पाण्यात, आणि तुम्ही चपला हातात घेऊन कोरड्या वाळूत उभे. किती वेळ नुसते बघत होतात. मी भेळेचा पुडा घेऊन आले तर म्हणालात, "एवढं पाणी, आणि याला चावी कुठे नाही." मला तेव्हा हसू आलं. आता लिहिताना नाही आलं.

असो. कुठनं कुठे गेले. तर अंदमान.

प्रज्ञा आणि अमित दोघंही खराडीला कॉम्प्युटरच्या कंपन्यांत. एकाची दिवसाची पाळी तर दुसऱ्याची अमेरिकेच्या वेळेची. एकमेकांना चिठ्ठ्या लिहून फ्रीजला लावतात. सुट्टी एकत्र मिळाली ही केवढी गोष्ट. जावई आपले वर्ध्याकडचे, तुम्ही त्यांना पाहिलं नाहीत, पण तुम्हाला आवडले असते. गोड बोलतात आणि ताटातलं टाकत नाहीत. जायच्या आधी प्रज्ञा माझ्या पायाशी येऊन बसली. "आजी, तिथं समुद्रात खाली नेतात. पोहता येत नसलं तरी नेतात, पाठीला हवेची टाकी बांधतात, शिकवणारं माणूस धरून असतं. आजोबा नको म्हणायचे. तू काय म्हणतेस?"

आईबापाला नाही विचारलं, मला विचारलं. मी काय म्हणणार होते? मी तुमच्या फोटोकडे बघितलं. तुम्ही नेहमीसारखेच, फोटोग्राफरनं दम दिल्यासारखे. मग मी म्हटलं, "जा. पण तळ बघून ये. नुसती भिजून आलीस तर घरात घेणार नाही."

गेली. पहिल्या दिवशी संध्याकाळी फोन आला. आवाजावरूनच कळलं की रडून झालंय. काळा रबरी झगा घातला, कमरेला शिशाचा पट्टा बांधला, नळी तोंडात धरली, पाण्यात उतरली, आणि हातभर खाली गेल्यावर कानात कोणी सुई घातल्यासारखं झालं. शिकवणारी एक बंगाली पोरगी होती, ती हळू, हळू अशी खूण करत होती, पण ही घाबरून झटपट खाली जाऊन मोकळं व्हायला बघत होती. दम अडकला. वर आणली. अमित दुसऱ्या शिक्षकाबरोबर खाली जाऊन आले, आणि ही होडीत टॉवेल गुंडाळून बसली.

"आजी, आजोबा बरोबर सांगत होते," म्हणाली. "हे आपलं काम नाही."

काय सांगू, तुमच्यावर इतकी वर्षं मी रागावले नव्हते, त्या क्षणी रागावले. आपलं काम नाही म्हणजे काय? कोणी ठरवलं? विहिरीवरची ती आरोळी तुमच्या कानात राहिली, तिथनं पोरीच्या कानात कशी गेली? तुम्ही तर तिला ती गोष्ट सांगितलीही नव्हती.

फोन सारखा तुटत होता. मला पाण्यातलं काय कळतं? जे कळत होतं तेच विचारलं. "तू चावी कशी फिरवलीस?"

"कुठली चावी, आजी?"

"आजोबांच्या सायकलवर पुढे बसून जायचीस ना सुट्टीत? ते कशी फिरवायचे?"

नुसती खरखर. मला वाटलं, फोन गेला. मग ती बारीक आवाजात म्हणाली, "अर्धा फेरा. मग थांब. हवा जाऊ दे. मग अर्धा फेरा."

"मग? तू एकदम उघडलीस ना?"

तुम्ही चावीला कान लावून बसायचात, पाइपातली हवा फुसफुसत जाईपर्यंत. लोक बादल्या घेऊन ओरडत असायचे, अहो सोडा की पाणी. तुम्ही हलायचा नाहीत. "एकदम सोडलं तर पाणी चिडतं," म्हणायचात. तेच. ती बंगाली पोरगीही तिला तेच सांगत होती म्हणे, नाक दाबून कानातली हवा मोकळी कर, थांब, मग थोडी खाली ये. पण ते हिंदीत सांगितलेलं डोक्यात शिरलं नव्हतं, आणि तुमचं लहानपणीच हातात शिरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासनं विहारात जाऊन बसले. वंदना झाली, लोक गेले, तरी बसले. डोळे मिटले की मला अर्धा फेराच दिसायचा.

तर आता फिल्म, त्याच दुसऱ्या दिवसाची.

पोरं आली. अमितनी कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. दामलेवहिनी कधीच्या पुढच्या खुर्चीत. "पूर्वी काळ्या पाण्यावर माणसाला शिक्षा म्हणून धाडत," म्हणाल्या. "आता पैसे भरून जातात."

"ऑफसीझनचं पॅकेज होतं, आजी," अमित म्हणाले.

"म्हणजे बुडणंही सवलतीत," वहिनी म्हणाल्या.

प्रज्ञा हसून लोळली. मग टीव्हीवर निळं आलं.

अहो, ते पाणी काळं नाही. आपल्या विहारावरच्या झेंड्याचा निळा घ्या, त्यात ऊन मिसळा, तसं. आणि त्या निळ्यात आपली प्रज्ञा उभी. उभी कसली, टांगलेली. पायाखाली काही नाही, डोक्यावर काही नाही. एका हातानं नाक दाबलेलं. थोडी खाली येते, थांबते. मी तिचा दुसरा हात बघितला. तो हात चावी फिरवत होता. खरं सांगते. मुठीत काही नाही, पण मूठ फिरत होती, अर्धा फेरा, आणि थांबत होती. ती बंगाली पोरगी तिच्याकडे बघत होती, ही काय खूण करते म्हणून.

मग तळ आला.

गाळ नाही हो. मी जन्मभर तुम्हाला गाळ गाळ म्हणत राहिले. पांढरी वाळू आहे, चाळून पसरल्यासारखी. त्यावर पोवळ्याची झाडं. काही फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, काही हरणाच्या शिंगांसारखी, आणि प्रज्ञा म्हणाली की झाडं नाहीतच ती, जिवंत किडेच आहेत, एकाच्या अंगावर एक घर बांधून राहिलेले. मासे तर विचारू नका. हळदीच्या रंगाचे, काळे पट्टे ओढलेले, एक तर असा की पोपटाला माशाची शेपटी लावून पाण्यात सोडावा. त्याला चोचही पोपटाची. तो ते पोवळं चावतो. कुरकुर असा आवाज येतो म्हणे, पाण्यात ऐकू येतो, चकली खाल्ल्यासारखा. आणि चावलेलं त्याच्या पोटातनं वाळू होऊन पडतं. ती जी पांढरी वाळू आहे ना तळाला, किनाऱ्यावर लोक जिच्यात लोळतात, ती बरीचशी ह्या माशांनी केलेली. मी विचारलं, कधीपासनं? प्रज्ञा म्हणाली, माणूस यायच्या आधीपासनं. मी हात जोडले. टीव्हीला जोडले की माशाला, मला माहीत नाही.

मध्येच अमित आले पडद्यावर. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी अंगठा वर करून दाखवला. पाण्यात त्या खुणेचा अर्थ, मला वर न्या. त्यांच्या शिक्षकानं लगेच पकडून वर नेलं. हे खाली हात दाखवतायत, पाय झाडतायत, आणि तो आपला नेतोच आहे. "दोन दिवस घोकून घेतलं होतं," प्रज्ञा म्हणाली, "तरी ऑफिसातली सवय गेली नाही." अमित म्हणाले, "काहून हसता जी, परत गेलो ना खाली."

आणि मग ते आलं, ज्याच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

प्रज्ञानं तळाच्या वाळूत गुडघे टेकले आणि मान वर केली. ती बंगाली पोरगी तिच्या शेजारीच होती, आणि बरोबर जो फिल्म काढणारा होता त्यानं कॅमेराही वर फिरवला. वर काय दिसलं असेल? गोल. चांगला मोठा, उजेडाचा गोल. भोवतीनं सगळं गडद निळं आणि मधोमध तेवढाच आभाळाचा गोल, थरथरणारा. त्याच्या कडेला होडीचं काळं पोट. प्रज्ञाच्या तोंडातले बुडबुडे चांदीच्या वाट्यांसारखे त्या गोलाकडे चाललेले. आणि होडीतनं एक माणूस खाली वाकून बघत होता.

मी म्हटलं, "थांबव. तिथंच थांबव."

दामलेवहिनी बोलल्या, अगदी वेगळ्याच आवाजात. "विहिरीसारखं दिसतं, नाही? आजोळी आम्ही मुली पोहायचो ना विहिरीत. बुडी मारून वर बघितलं की अस्संच. वरती गोल आणि काठावर मामा उभा, बाहेर या म्हणून." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या गावच्या विहिरीतही असंच दिसत असेल."

मी म्हटलं, "आम्हाला कुठं ठाऊक असणार, वहिनी?"

मी काही टोमणा म्हणून बोलले नाही. खरं तेच बोलले. पण वहिनींचा चेहरा उतरला. बाई तोंडाची फटकळ, पण बिनडोक नाही. समोरासमोर इतकी वर्षं राहतोय, हळदीकुंकवाला न बोलावता नुसतं भेटायला बोलावतात, सगळं त्यांना माहीत आहे. पण माहीत असणं वेगळं आणि असं टीव्हीसमोर बसून कळणं वेगळं. त्यांनी वाटी खाली ठेवली. म्हणाल्या, "चहा टाका. मी पण घेईन." एवढंच. मी टाकला.

स्वयंपाकघरात प्रज्ञा मागून आली. तेव्हा मी तिला तुमची गोष्ट सांगितली. काठावरची, आरोळीची. तुम्ही नको म्हणाला असतात कदाचित. तिनं ऐकलं आणि दूध उतू चाललं होतं ते बंद करून म्हणाली, "आजी, मला तो वरचा माणूस दिसला ना, तर मला एवढं बरं वाटलं. तो मला वर घ्यायलाच थांबला होता."

ऐकलंत? तुम्ही वरून बघितलंत तेव्हा तुम्हाला आभाळ दिसलं आणि आपलं डोकं. आपली पोर खालून बघून आली. तिला तेच आभाळ दिसलं, तेवढंच गोल. फक्त काठावरून ओरडलं नाही कोणी.

आता सांगा, शब्द मोडला म्हणून रागावायचं आहे का? मला वाटतं, तो शब्द नव्हताच. ती भीती होती, आणि ती तुमची स्वतःचीही नव्हती, कोणीतरी दिलेली होती. तुम्ही ती आमच्यापाशी सांभाळून ठेवलीत, आम्हाला काही होऊ नये म्हणून. एवढं मला कळतं. पण पोरीला तळ दाखवला तो त्या भीतीनं नाही, तुमच्या हातानं दाखवला. तेव्हा तुम्हीच हो म्हणालात, असं मी धरून चालले आहे.

चहा पिता पिता अमितनी नवीनच काढलं. त्यांच्या खराडीच्या सोसायटीत तरणतलाव आहे, एका बाजूला कमरेइतकंच पाणी, धरायला दांडा. "आजी, तुम्ही चला तर खरं. काही होत नाही जी."

मी म्हटलं, नऊवारीत?

"माझ्या सुनेच्या सलवारी आहेत," दामलेवहिनी म्हणाल्या. "आणि मी येणार आहे. ह्या पोरांचं काय सांगावं, अंगठे दाखवत बसतील. तुम्हाला मी धरीन."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तुमचं ते चपला हातात धरून उभं राहणं आठवलं.

म्हणून कबूल करते. उतरेन. गुडघ्यापर्यंत, मग थांबेन. कमरेपर्यंत, मग थांबेन. हवा जाऊ देईन. आणि डोकं पाण्याखाली घालायचा धीर झालाच, तर डोळे उघडे ठेवून वर बघेन. तुम्ही काठावर वाकून बघत असाल असं समजूनच बघेन. निवांत उभे राहा. इथं तुम्हाला कोणी हाकलणार नाही.

तुमची,
सरू

ता. क. दामलेवहिनी वाटी इथंच विसरून गेल्या. पोरं येत्या रविवारी न्यायला येतो म्हणून गेलीत.